सांताक्रूझची दोन विमानघरे

चौसाळ्यासारख्या बीड जिल्ह्यातील गावचा एखादा तरुण शिक्षणासाठी अथवा चाकरीसाठी परदेशी निघतो, तेव्हा ज्या मुंबईच्या विमानतळावर त्याचे आप्तेष्ट त्याला निरोप देतात, तो तळ मुळात युद्धासाठी वापरात होता, हे फारच थोड्यांच्या ध्यानी असते. मुंबईचे पहिले विमानतळ जुहूचे, १९२८ सालचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेच उतरले. परंतु समुद्रालगतची ती सखल भूमी पावसाळ्यात निरुपयोगी ठरे, म्हणून सांताक्रूझ येथे अधिक विस्तीर्ण तळ सिद्ध झाला आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्या तेथे तैनात झाल्या.

युद्ध संपल्यावर, १९४६ च्या सुमारास, हा तळ नागरी विमान खात्याच्या ताब्यात देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा उतारूंसाठी इमारत अशी तेथे नव्हतीच. होती ती हवाई दलाने सोडलेली दोन जुनी हँगर. विमानाचे पंख दूरवर पसरलेले असल्याने हँगरच्या मधोमध खांब चालत नाही. छपराचा सारा भार कैच्यांवरून दोन्ही बाजूंस उतरवावा लागतो आणि आत अखंड, मोकळे दालन लाभते. हा गुणच त्या वेळी कामी आला. एक हँगर देशांतर्गत प्रवासासाठी व दुसरे परदेशप्रवासासाठी मुक्रर झाले. कडेला जकात व पारपत्र तपासणीची मेजे मांडली गेली आणि मध्यभागी उतारूंच्या विश्रांतीची सोय झाली.

प्रारंभी दिवसाकाठी अवघ्या सहा नागरी फेऱ्या होत. फाळणीने कराची परकी झाली आणि तिकडची बरीच वाहतूक मुंबईकडे वळल्याने १९४९ पर्यंत हा आकडा चाळीसपर्यंत गेला. मधल्या काळात, ८ जून १९४८ रोजी, ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्या दिवशी आमचे चौसाळे निजामाच्या अमलाखालीच होते. स्वतंत्र भारताचे विमान विलायतेला पोहोचले, पण मराठवाड्याला स्वातंत्र्यासाठी १७ सप्टेंबरपर्यंत वाट पाहावी लागली, ही तफावत मनाला आजही बोचते.

नवी इमारत १९५० साली बांधावयास घेतली आणि १९५८ साली ती खुली झाली. तोवर देशाच्या हवाई दळणवळणाचा केवढा तरी भार या दोन युद्धकालीन इमल्यांनी वाहिला. भारतीय विमानवाहतुकीच्या इतिहासात त्यांना टाटांच्या टपालविमानाइतकेच मानाचे स्थान मिळाले पाहिजे.