कडक वेगळी, कडू वेगळी: घरच्या कॉफीतले व्हेरिएबल्स

पहिल्या महिन्यात माझी कॉफी पंधरा दिवसांतून एकदा मस्त व्हायची, बाकीचे दिवस बेसिनमध्ये जायची. खरा वैताग यायचा तो मस्त झालेल्या कॉफीचा, कारण ती पुन्हा जमायचीच नाही. त्या दिवशी पाकीट नवं होतं, पाणी जरा निवलं होतं आणि चमचाही दुसराच होता. तीन गोष्टी एकदम बदललेल्या. लॅबमध्ये असं रीडिंग दाखवलं असतं तर सरांनी वही न बघताच परत दिली असती.

तुमच्यातले बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, त्यामुळे 'व्हेरिएबल कंट्रोल' ही व्याख्या पाठ असेलच. ती हातानं करून बघायची तर फ्रेंच प्रेस घ्या. काचेचं भांडं आणि त्यात वरून दाबायची जाळी, एवढंच असतं ते. माझी सुरुवातीची कृती अशी: १५ ग्रॅम कॉफी, जाड रव्यासारखी दळलेली. त्यावर २५० मिली पाणी, उकळून अर्धा मिनिट थांबलेलं. एकदा ढवळायचं, ४ मिनिटं ठेवायचं, जाळी हळू दाबायची आणि लगेच कपात ओतायचं. प्रेसमध्ये तशीच ठेवली तर चोथा आपलं काम करतच राहतो.

चमच्यानं मोजू नका. जाड दळलेला चमचा आणि बारीक दळलेला चमचा यांचं वजन वेगळं भरतं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. (लॅबमधला काटा नको. लॅबमधलं काहीच खाण्यापिण्यासाठी वापरायचं नसतं, हे मुलाखतीतही विचारतात.) पाकिटावर चिकोरीचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचा. चिकोरी घातलेली कॉफी वाईट असते असं मुळीच नाही, पण चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा जास्त विरघळते, म्हणून शिकताना शुद्ध कॉफी बरी.

आता मुद्द्याकडे. आपल्याकडे चहा कडक हवा असेल तर तो आणखी उकळतात. तीच सवय आपण कॉफीला लावतो आणि इथेच घोटाळा होतो, कारण 'कडक' या एका शब्दात दोन वेगळ्या राशी लपल्या आहेत. पहिली, कपातल्या पाण्यात किती कॉफी विरघळलेली आहे. ही झाली स्ट्रेंथ. दुसरी, घेतलेल्या पावडरीतला किती भाग विरघळून बाहेर आला. हे झालं एक्स्ट्रॅक्शन. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी या दोन राशी दोन अक्षांवर मांडून आलेख केला, आणि कॉफीवाले आजही तो वापरतात. त्यात चांगल्या चवीचा पट्टा एक्स्ट्रॅक्शन १८ ते २२ टक्के असा धरतात.

आपल्या कृतीत घालून बघा. १५ ग्रॅमच्या २० टक्के म्हणजे ३ ग्रॅम. ते २५० मिली पाण्यात म्हणजे साधारण १.२ टक्के. कपात जवळजवळ ९९ टक्के पाणीच! एवढ्याशा ३ ग्रॅमवर सगळी चव उभी असते.

त्या ३ ग्रॅममधलं सगळं एकाच वेगानं विरघळत नाही. आंबट चव देणारी द्रव्यं लवकर बाहेर येतात, कडू आणि तुरट नंतर. म्हणून कॉफी आंबट, पोकळ लागली तर एक्स्ट्रॅक्शन कमी पडलंय: बारीक दळा किंवा वेळ वाढवा. कडू होऊन जिभेला तुरटपणा चिकटला तर उलट करा. चव बरोबर आहे पण पाणचट लागते, तर पावडर वाढवा, वेळेला हात लावू नका. मी कितीतरी दिवस आंबट कॉफीत आणखी पावडर घालत होते. मिळत काय होतं, तर जास्त आंबट कॉफी.

दळण्याचा परिणाम एवढा का? एक सेंटिमीटरचा घन घ्या, पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे अर्ध्या सेंटिमीटरचे आठ घन करा, वजन तेवढंच, पण पृष्ठफळ १२. शिवाय पाण्याला आत शिरायचं अंतरही निम्मं. घरच्या मिक्सरची अडचण अशी की त्यात पीठ आणि खडे दोन्ही एकत्र निघतात. पीठ कडू होतं, खडे आंबट राहतात आणि तुम्हाला एकाच कपात दोन्ही तक्रारी मिळतात. ग्राइंडर नसेल तर दुकानातूनच 'फ्रेंच प्रेससाठी' म्हणून दळून आणा, थोडीच आणा.

तापमानाबद्दल माझी अगदी ठाम मतं होती. थर्मामीटरही घेतला होता. मग रूम पार्टनरला कामाला लावलं. तिनं तीन एकसारखे कप ठेवायचे, दोनांत एकच कॉफी, तिसऱ्यात वेगळी. एक उकळत्या पाण्याची, दुसरी दोन मिनिटं निवलेल्या पाण्याची. वेगळा कप मी ओळखायचा. रोज एक फेरी, सहा दिवस. नुसत्या अंदाजानं सहातले दोन बरोबर येणं अपेक्षित आहे. माझे दोनच आले. पाच आले असते तर ५ टक्क्यांच्या पातळीवर काही बोलता आलं असतं, चारही पुरत नाहीत (हिशेब करून बघा, बायनॉमियलच आहे). अर्थात सहा फेऱ्यांवरून 'फरकच नाही' असंही म्हणता येत नाही. फरक असेल तर तो मला पकडता आला नाही, इतकंच.

२०२० मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाचा पेपर आला. ८७, ९० आणि ९३ अंशांवर कॉफी केली, पण स्ट्रेंथ आणि एक्स्ट्रॅक्शन मुद्दाम तेच ठेवलं, तर चवीत तापमानाचा परिणाम फारच कमी दिसला. 'तापमान महत्त्वाचं नाही' असं तो पेपर म्हणत नाही. 'त्या दोन राशी स्थिर असताना' ही अट वाचायची राहिली की निष्कर्षच बदलतो. मीही पहिल्या वाचनात ती गाळली होती.

थर्मामीटर आता कपाटात आहे. वहीत तारीख, पाकीट, दळण, ग्रॅम, पाणी, वेळ आणि चवीचे दोन शब्द, एवढे रकाने आहेत. पुढची रांग पाण्याची: आरओचं विरुद्ध बोअरवेलचं. कप तयार आहेत, रूम पार्टनरची प्री-सबमिशन व्हायची आहे.