ग्रीन टीचा साबण हिरवा का होत नाही?

आजचा भाग थोडा माफीनाम्यासारखा आहे. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, पण साबण करायला बसणार असाल तर शेवटपर्यंत वाचा.

झालं असं, की घरच्या साबणाबद्दलच्या भागात मी बोलता बोलता म्हणून गेले होते, "पाण्याऐवजी चहा घाला, मस्त नैसर्गिक रंग येतो." एवढंच. कोणता चहा, किती कडक, कधी घालायचा, काहीच सांगितलं नाही. मग एका श्रोत्या मुलीचा व्हॉइस मेसेज आला. भावाच्या हळदीला पाहुण्यांना द्यायला तिने ग्रीन टीचे साबण केले होते, चांगल्या चाळीस वड्या. वर बांधायला हिरव्या रिबिनीसुद्धा आणून ठेवल्या होत्या. आणि साबण निघाले मेथीच्या लाडवाच्या रंगाचे. "ताई, माझं कुठे चुकलं?"

तिचं कुठेच चुकलं नव्हतं. चूक माझी होती, कारण कपात दिसतो तोच रंग साबणात येणार असं तिने माझ्यामुळे धरलं. म्हणून आज नीट सांगते.

सुरुवात हळदीपासूनच करू. हळदीच्या कार्यक्रमात पांढऱ्या कुर्त्यावर हळद सांडते, आपण घाईघाईत साबण चोळतो, आणि पिवळा डाग एकदम लालभडक होतो. पाहिलंय ना? लहानपणी मला वाटायचं, साबणात काहीतरी भेसळ आहे. खरं कारण म्हणजे साबण अल्कलीधर्मी असतो आणि हळदीतला पिवळा रंग अल्कली भेटली की लाल होतो. पारंपरिक कुंकू असंच करतात, हळदीला चुन्याची निवळी लावून. म्हणजे वनस्पतींचे रंग आम्ल-अल्कलीप्रमाणे बदलतात हे आपल्या आज्यांना माहीत होतंच.

चहाचंही तेच. आज घरी करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. दूध-साखर न घालता कोरा चहा करा आणि तीन काचेच्या ग्लासांत ओता. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात लिंबू पिळा, तो फिका, सोनेरी होतो. तिसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, तो गडद, जवळजवळ कॉफीसारखा होतो. चहा तोच, फक्त सोबत बदलली. (तिसरा ग्लास पिऊ नका, चव भयंकर लागते.)

आता साबणात काय होतं ते बघा. घरचा खराखुरा साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, यांची रासायनिक क्रिया. सोडा आधी पाण्यात विरघळवतात आणि ते पाणी तेलात मिसळतात. या पाण्याला साबणवाले 'लाय' म्हणतात. खायच्या सोड्याने चहा एवढा काळवंडतो, तर कॉस्टिक सोड्याने काय होईल विचार करा. पाण्याऐवजी चहा वापरला की तो क्षणात काळपट लाल होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गेला साबण.

पण मग ही काळी लाय तेलात जाते आणि रंग पुन्हा फिका पडतो. कारण सोपं आहे. साबणाचं मिश्रण मुळातच पांढरट आणि अपारदर्शक असतं. काळ्या चहात दूध ओतल्यावर जे होतं, तेच इथे होतं. म्हणून कडक चहाचा साबण शेवटी बदामी, बिस्किटी, फार तर फिक्या चॉकलेटी छटेवर येऊन थांबतो. सुंदर रंग आहे तो, माझा आवडता. पण तो तपकिरीच्या घरातला आहे, हे आधी माहीत हवं.

मग ग्रीन टीचं काय? काळा चहा आणि ग्रीन टी एकाच झाडाची पानं. काळ्या चहात पानं चुरडून हवेत ठेवतात, त्यातली द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात आणि तांबूस-तपकिरी होतात. ग्रीन टीमध्ये पानांना लगेच वाफ किंवा गरम कढईची ऊब देऊन ही क्रिया थांबवतात. म्हणजे ग्रीन टी हा 'तपकिरी व्हायचा राहिलेला' चहा आहे. आणि अल्कलीत नेमकी ती थांबवलेली क्रिया सुरू होते, तीही धडाधड. कारखान्यात जे टाळलं ते तुमच्या भांड्यात होतं! शिवाय ग्रीन टीचा कपही खरं तर हिरवा नसतो, पिवळसर असतो. हिरवा हा शब्द पाकिटावर आहे.

पानांची पूड मिश्रणात टाकली तरी फार फरक पडत नाही. ठिपके सुरुवातीला हिरवे दिसतात, मग तपकिरी होतात, आणि कधी कधी भोवती तपकिरी कडं उमटतं. जास्वंदीचा लालचुटुक चहा लायमध्ये हिरवट होऊन शेवटी मातकट होतो. गोकर्णाचा निळा चहा, जो रील्समध्ये लिंबू पिळून जांभळा करून दाखवतात, तो इथे उलट्या दिशेने जातो, हिरवा आणि मग पिवळट. निळा साबण हवा असेल तर खरी नीळ, म्हणजे नीळीच्या झाडाची पूड, टिकते. हिरव्यासाठी हिरवी माती मिळते. चहा त्या कामाचा नाही.

आता प्रत्यक्ष कृती. वजनं ग्रॅममध्येच घ्यायची, वाटी-चमच्याने नाही. डिजिटल काटा नसेल तर आधी काटा घ्या, साबण नंतर.

रंगासाठी मी आपली रोजची सीटीसी चहा पावडर वापरते. तिचे बारीक गोल दाणे भराभर रंग सोडतात. महागडा पानाचा चहा इथे वाया जातो. पाऊण पेला, म्हणजे साधारण २०० ग्रॅम पाण्यात चार चहाचे चमचे पावडर, पाच मिनिटं उकळा, फडक्यातून दोनदा गाळा. आलं नको, दूध नको, साखर तर नकोच. साखरेने लाय आणखी तापते, दूध करपतं. मग हा चहा पूर्ण गार करा. मी तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. का, ते आत्ता सांगते.

५०० ग्रॅम तेलाचं माझं माप: ३०० ग्रॅम ऑलिव्ह, १५० ग्रॅम खोबरेल, ५० ग्रॅम एरंडेल. त्याला ७० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १६५ ग्रॅम गार चहा. यात साधारण पाच टक्के तेल मुद्दाम साबण न होता शिल्लक राहतं, म्हणजे अंगाला कोरडं वाटत नाही. तेल बदललं तर सोड्याचं माप बदलतं. प्रत्येक तेलाची सोड्याची गरज वेगळी, खोबरेलाची सगळ्यात जास्त. त्यामुळे "ऑलिव्ह नाही म्हणून सगळं खोबरेल घेतलं" असं करू नका. इंटरनेटवर लाय कॅल्क्युलेटर फुकट आहेत, माझं मापही त्यात घालून तपासा. माझ्यावर आंधळा विश्वास ठेवून काय होतं ते वर वाचलंतच.

आता इथे जरा थांबा, कारण रंग चुकला तर फक्त रिबीन बदलावी लागते, पण इथे चुकलं तर डोळा जाऊ शकतो. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. चष्मा, म्हणजे लॅबमध्ये घालतात तसा बंद गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. खिडकी उघडी, लहान मुलं आणि मांजर दाराबाहेर. नेहमी सोडा चहात टाकायचा, थोडा थोडा, ढवळत. चहा सोड्यावर ओतायचा नाही. आणि चहा गरम असताना तर अजिबात नाही. सोडा विरघळताना स्वतःच खूप उष्णता सोडतो, चहा आधीच गरम असेल तर ते मिश्रण उकळून अंगावर उडतं. म्हणून तो बर्फ.

दुसरं म्हणजे भांडं. आपल्याकडे चहाचं पातेलं बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमचं असतं. त्यात चहा उकळा, हरकत नाही, पण सोडा त्यात चुकूनही टाकू नका. तो ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलचं भांडं घ्या किंवा जाड पॉलीप्रॉपिलीनचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला नको. अंगावर थेंब उडाला तर लगेच नळाखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं. व्हिनेगर-लिंबू लावायच्या भानगडीत पडू नका. डोळ्यात गेलं तर धूत धूतच डॉक्टर गाठा.

चहात सोडा गेला की ओल्या गवतासारखा विचित्र वास येतो. घाबरू नका, साबण सुकेपर्यंत तो बहुतेक जातो. लाय आणि तेल दोन्ही कोमट झाली की एकत्र करून हँड ब्लेंडरने थांबून थांबून फिरवा. कढीइतकं दाट झालं आणि वरून सोडलेली धार क्षणभर तशीच दिसली की साच्यात ओता. दुधाचा रिकामा खोका चालतो. एक-दोन दिवसांनी कापा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी ठेवा. त्या काळात पाणी उडतं, वडी कडक होते आणि रंगही थोडा निवतो. ओतल्यावर साचा जुन्या टॉवेलात गुंडाळला तर आतली ऊब टिकते आणि रंग गडद येतो. न गुंडाळलेला फिका राहतो. उन्हात ठेवाल तर आणखी उडेल.

आता माझी दुसरी कबुली. मी जवळपास वर्षभर मिरवत होते, की माझा चहाचा साबण गडद चॉकलेटी येतो. मैत्रिणी विचारायच्या, किती कडक चहा घालतेस गं? मी वाढवून वाढवून सांगायचे. मग एकदा सुगंध संपला होता म्हणून एक घाणा बिनवासाचा केला, चहा तेवढाच कडक. साबण फिका बदामी! रंग चहाचा नव्हताच, व्हॅनिलाच्या सुगंधाचा होता. त्यात व्हॅनिलिन असतं आणि ते साबणात हळूहळू तपकिरी होतं. त्यामुळे तुमच्या चहाचा खरा रंग बघायचा असेल तर पहिला घाणा सुगंधाशिवाय करा.

हल्ली कोणी विचारतं, "ग्रीन टी आहे म्हणजे अँटिऑक्सिडंट असतील ना?" मी सरळ नाही म्हणते. चहातली ती द्रव्यं अल्कलीत टिकत नाहीत, ती बदलतात म्हणूनच तर तपकिरी रंग येतो. आणि साबण अंगावर असतो किती, अर्धा मिनिट? चेहरा उजळेल, सुरकुत्या जातील असलं काही लिहू नका. विकायचा विचार असेल तर आधी परवान्याचीही चौकशी करा, आपल्याकडे अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात येतो.

ज्यांना कॉस्टिक सोड्याला हात लावायचा नाही त्यांनी तयार साबणाचा बेस वितळवून त्यात चहा घातला तर? चालतं, पण पाव किलोला चमचाभरच, तोही अगदी दाट केलेला. जास्त घातला तर वडी मऊ पडते.

त्या मुलीला मी एवढंच कळवलं, की साबण टाकू नकोस, उत्तम आहेत. तिने हिरव्या रिबिनी काढून सुतळी बांधली आणि चिठ्ठीवर 'चहाचा साबण' असं लिहिलं. हळदीला आलेल्या मामांनी म्हणे आधी वास घेतला आणि विचारलं, "यात आलं नाही का घातलं?"