सुभेदार रामजी सकपाळ : एका पित्याची पुंजी

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आंबडवे हे लहानसे गाव आहे. तेथील मालोजी सकपाळ कंपनी सरकारच्या पलटणीत शिपाई होते. त्यांचे चिरंजीव रामजी यांनीही लष्कराचीच वाट धरली. परंतु त्यांचे नाव राहिले ते तलवारीमुळे नव्हे, पाटीमुळे. पुण्याच्या लष्करी शाळेत शिक्षण घेऊन ते शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक झाले आणि सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले.

त्यांच्या पत्नी भीमाबाई मुरबाडकर सुभेदारांच्या कन्या होत. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी मोजकीच जगली. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मलेले चौदावे अपत्य म्हणजे भीमराव.

रामजी कबीरपंथी होते. घरात मद्य नव्हते, मांस नव्हते. पहाटे व तिन्हीसांजेला भजन, अभंग व दोहे यांचे पठण चाले आणि मुलांना त्यात बसावेच लागे. ज्या घरांत आहारशुद्धी आणि नित्यपाठ हे कुळाचे भूषण मानले जाते, त्यांना या सुभेदाराचे घर परके वाटू नये.

निवृत्तीनंतर दिवस पालटले. सेनेने महार समाजाची भरती बंद केली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने रामजींनी सरकारकडे दाद मागितल्याचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. दापोलीहून कुटुंब साताऱ्यास आले आणि तेथे भीमाबाई निवर्तल्या. रामजींच्या भगिनी मीराबाई यांनी मुलांना पोटाशी धरले. रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावी दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुटीत त्यांना भेटण्यास निघालेल्या मुलांना मसूर स्थानकावर उतरल्यावर जातीमुळे गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली, गाडीवान शेजारून चालला. आणि रात्रभर त्यांना पाणी मिळाले नाही. त्या मुलांतील भीमरावांनी पुढे हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला.

पुढे कुटुंब मुंबईस परळच्या गिरणगावात, डबक चाळीतील एका खोलीत आले. तीच स्वयंपाकघर, तीच माजघर, तीच अभ्यासिका. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी आणि चुलीचा धूर, अशा जागेत भीमराव झोपत. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला उठवत आणि मगच स्वतः आडवे होत.

निवृत्तिवेतन तुटपुंजे आणि मुलाची पुस्तकांची हौस अमर्याद. पुस्तक हवे असे मुलाने म्हटले की रामजी विवाहित मुलीच्या घरी जात. तिच्याजवळ पैसे नसले तर तिचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवत आणि पुस्तक घेऊन परतत. निवृत्तिवेतन हाती येताच दागिना सोडवून मुलीला परत देत. गहाणवटीचा व्यवहार व्यापारी घरांना नवा नाही. संकट टाळण्यासाठी, लग्नकार्यासाठी दागिने गहाण पडतात. ग्रंथासाठी पडलेले दागिने मात्र विरळाच.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते पदवीधर झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्थानकावर उतरले आणि गाडी निघून गेली. ते दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले. रामजींनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्याच वेळात, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, प्राण सोडला. त्याच वर्षी भीमराव कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

१९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. किनवट-माहूरपासून लातूरपर्यंतच्या मराठवाड्यासाठी उच्च शिक्षणाची वाट तेव्हा दूरची होती. गहाण ठेवलेल्या दागिन्याच्या पुस्तकांवर शिकलेल्या मुलाने ती वाट जवळ आणली. रामजींच्या मागे जमीन राहिली नाही, पेढी राहिली नाही. परंतु त्यांनी गुंतवलेली पुंजी आजही फळ देत आहे.