हातची गाडी (६) : गिअरबॉक्स बदलला, शाफ्टचे काय?

गिअरबॉक्सचे फिरणे मागच्या धुऱ्यापर्यंत नेणारी पोलादी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. दोन टोकांना कोनात फिरू देणारे दोन क्रॉस, मध्ये नळी आणि एका बाजूला आत-बाहेर सरकणारे दातेरी तोंड, एवढाच त्याचा संसार. जीपमधला चार गिअरचा बॉक्स काढून पाच गिअरचा बसवताना सगळे लक्ष इंजिन आणि क्लचकडे असते. बॉक्स चढतो, बोल्ट आवळले जातात आणि मग कळते, की नवा बॉक्स दहा सेंटिमीटरने लांब आहे, फ्लँजची भोके जुळत नाहीत आणि जुना शाफ्ट जागेवर जातच नाही.

सांगलीजवळच्या माधवनगर, कुपवाड, मिरज या पट्ट्यात लेथला तोटा नाही. ट्रॅक्टरवरून रोटाव्हेटर फिरवणारा पीटीओ शाफ्ट कापून-जोडून देणारे हातही गावोगाव आहेत. घोटाळा नेमका तिथेच होतो. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो. जीपचे ६.००-१६ मापाचे टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जाते. मागच्या धुऱ्याचे प्रमाण ४.८८ धरले, तर ताशी ८० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला जवळजवळ ३,००० फेरे घेतो. तोल गेलेल्या वस्तूचा झटका फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. म्हणजे जो वाकडेपणा पीटीओला जाणवतही नाही, तोच जीपमध्ये तीसपट जोराने हादरे देतो. रोटाव्हेटरचा शाफ्ट 'चालतोय की' म्हणून सोडून देता येतो, गाडीचा नाही.

पाचवा गिअर आला म्हणून शाफ्ट जास्त पळतो, असा एक समज आहे. तो चुकीचा. शाफ्टचे फेरे गाडीचा वेग, टायर आणि धुऱ्याचे प्रमाण यांवर ठरतात. बॉक्सशी त्यांचा संबंध नाही. फरक एवढाच, की पाचव्या गिअरमुळे इंजिन निवांत राहते आणि चालवणारा शंभरावर जायला धजावतो.

माप घेताना गाडी चारही चाकांवर उभी हवी, नेहमीचा भार टाकून. जॅकवर उचलली, की धुरा खाली लोंबतो आणि माप फसते. बॉक्सच्या फ्लँजपासून धुऱ्याच्या फ्लँजपर्यंतचे अंतर मोजायचे आणि दातेरी तोंड पूर्ण आत जाण्याआधी २० ते २५ मिलिमीटर मोकळे राहील असा शाफ्ट करायचा. ही मोकळीक ठेवली नाही, तर खड्ड्यात धुरा हलताच शाफ्ट बॉक्सच्या बेअरिंगवर ठोसा मारतो. जास्त ठेवली, तर दाते अर्धेच गुंततात आणि झिजतात.

आखूड जीपमध्ये खरी अडचण लांबीची नसून कोनाची असते. जुन्या सीजे-३बी जीपच्या दोन धुऱ्यांतले अंतर ८० इंच, म्हणजे २,०३२ मिलिमीटर. त्यात इंजिन आणि बॉक्स मावल्यावर शाफ्टला उरते ते थोडेच. समजा, ६० सेंटिमीटरचा शाफ्ट १२ सेंटिमीटर खाली उतरतो आहे. त्याचा उतार साडेअकरा अंश. दहा सेंटिमीटर कापले, की तोच उतार चौदा अंशांजवळ जातो. बॉक्स स्वतः चार अंश मागे झुकलेला असेल, तर क्रॉसच्या वाट्याला साडेसातऐवजी दहा अंश येतात. ३,००० फेऱ्यांना सहा अंशांच्या आतच राहावे, असा सर्वसाधारण दंडक आहे.

कोनाला एवढे महत्त्व का? वाकून फिरणारा एकटा क्रॉस पुढचा वेग मागे जसाच्या तसा देत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा तो थोडा घाई करतो आणि दोनदा थोडा रेंगाळतो. दहा अंशांना हा चढउतार दीड टक्का, चौदाला तीन टक्के. दुसरा क्रॉस तितक्याच कोनात आणि पहिल्याशी एका रेषेत असेल, तरच ती चूक मागे फिटते. म्हणून बॉक्सचा फ्लँज आणि धुऱ्याचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत. बॉक्सच्या माउंटिंगखाली पट्टी घालून किंवा पाट्यांच्या बैठकीखाली पाचर ठोकून हे साधते. कोन अगदी शून्यही नको. क्रॉसच्या कपातल्या सुया थोड्या फिरत राहिल्या नाहीत, तर एकाच जागी खड्डे पाडतात.

लांब चेसिसची तऱ्हा उलटी. ६३ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची नळी दीड मीटर लांब ठेवली, तर ४,६०० फेऱ्यांच्या आसपास ती दोरीवरच्या उडीसारखी मध्ये फुगू लागते. ३,२०० च्या पुढे तिला नेऊ नये. त्याहून लांब असेल, तर दोन तुकडे आणि सेंटर बेअरिंग.

कापण्याआधी नळीवर टोकापासून टोकापर्यंत खडूची नव्हे, पंचची खूण करावी. वेल्ड गॅसने तोडू नये. लेथवर उतरवावी, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या योकची बसक शाबूत राहते. पाण्याचा जीआय पाइप इथे चालत नाही. नळी बसवून चार ठिकाणी टाके, मग डायल गेज लावून फिरवून पाहणे. काटा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलला, तर टाके तोडून पुन्हा. पूर्ण वेल्डिंग त्यानंतर आणि शेवटी बॅलन्सिंग मशीन. भोके जुळत नसतील, तर मधली चकती करता येते, पण तिला मध्यावर धरायला खाचेची कड हवी. बोल्टच्या भरवशावर ती मध्यावर राहत नाही. पुढच्या क्रॉसभोवती चेसिसला एक लोखंडी कडे लावावे. तो क्रॉस धावताना तुटला, तर शाफ्टचे टोक डांबरात रुतून गाडी उलटू शकते.

हादऱ्याचे मूळ शोधण्याची चाचणी सोपी आहे. हादरा येतो त्या वेगाला मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल करावी. हादरा गेला, तर दोष बहुधा इंजिनाकडे. राहिला, तर शाफ्ट किंवा चाके.

हातची गाडी रस्त्यावर आणायची, तर कायदाही पाहावा लागतो. इंग्लंडात १९५७ पासून लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांच्या पेटीत विकली गेली, कारण तयार गाडीवरचा कर सुट्या भागांवर नव्हता. इकडे तशी पेटी मिळत नाही आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल मान्य करत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ती नियमांत बसत नाही हे सांगत तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो लोहार कुटुंबाला मिळाली.