लांबचा मार्ग, कमी तास

१६ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे एअर इंडियाचं विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं, पण पश्चिमेऐवजी पूर्वेला. तोवर ते युरोपवरून, अटलांटिक ओलांडून जायचं. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. पॅसिफिकवरून हेच अंतर भरलं १५,३०० किलोमीटर. एवढा वळसा घेऊनही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, जुन्या मार्गापेक्षा जवळपास दोन तास कमी! वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे प्रवासी काही तास १५ तारखेत गेले आणि उतरले तेव्हा पुन्हा १६ चीच सकाळ होती.

ही किमया वाऱ्याची. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान झोत वाहतात. विषुववृत्ताकडची उबदार आणि ध्रुवाकडची गार हवा यांच्या तापमानातल्या फरकावर त्यांचा जोर अवलंबून असतो, म्हणून हिवाळ्यात ते जास्त तडाखेबंद. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओईशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले. इतकं मोलाचं काम त्यांनी एस्परांतो भाषेत छापलं आणि जपानबाहेर फारसं कुणी वाचलंच नाही.

हिशेब सोपा आहे. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि पाठीशी शंभराचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबानं वेग हजार. तोच वारा समोरून आला, की आठशे. बारा हजार किलोमीटरच्या प्रवासात तीन तासांचा फरक! फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं.

भिंतीवरच्या नकाशावरून अंतराचा अंदाज बांधू नये. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला, तर तो फिनलंड, नॉर्वे करत आइसलंडजवळून जातो. लांबी साधारण साडेबारा हजार किलोमीटर. याहून जवळचा मार्ग नाही.

पण आकाशालाही सरहद्दी आहेत. २०२२ मध्ये रशियानं युरोपीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना मनाई केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांनाही वळसा पडला.

वारा, हद्दी, इंधन, वजन या सगळ्यांची सांगड घालून उड्डाणाच्या काही तास आधी मार्ग आखणारे डिस्पॅचर प्रवाशांना कधी दिसत नाहीत. त्यांच्या कामाची दखल घ्यायलाच हवी. प्रवाशाच्या हाती येतात त्या तिकिटावरच्या दोन वेळा, त्याही ज्या-त्या शहराच्या. न्यूयॉर्क मुंबईच्या मागे असतं उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. वेळांमधल्या फरकात जाताना तेवढे तास मिळवले, परतीला वजा केले, की प्रवासाचा खरा वेळ कळतो. थेट विमानानं जाताना तो साधारण सोळा तास भरतो, परतीला चौदा-साडेचौदा.