माईकवरचा शब्द घरापर्यंत येतो



गोष्ट 2024 च्या नोव्हेंबर महिन्यातली. विधानसभा निवडणुकीची धामधूम होती. आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावी आठवडी बाजार भरला होता. सोयाबीन निघून गेले होते, भावाचे नाव कोणी काढत नव्हते. बाजाराच्या तोंडाशी एका उमेदवाराची प्रचारसभा चालू होती. मी, माझी वृद्ध आई आणि सहावीत शिकणारी भाची, अशा तिघीजणी भाजीच्या पिशव्या घेऊन पाराजवळ जरा टेकलो होतो.

वक्ता रंगात आला होता. आपल्या पक्षातून फुटून गेलेल्या लोकांवर तो बोलत होता. बोलता बोलता हात उंच करून तो म्हणाला, "अहो, गाव तिथे महारवाडा असायचाच! तसे आमच्यातही चार गद्दार निघाले!"

हशा पिकला. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्याच वस्तीतली चार पोरे होती. गळ्यात पक्षाचे दुपट्टे घालून त्यांना रोजाने आणले होते.

आई उठली. पिशवी उचलत म्हणाली, "हासाचं काय हाय याच्यात? ते आपल्यालेच हासून राह्यले, अन् आपलेच पोरं टाळ्या वाजवून राह्यले. चाल माय घरी."

रात्री जेवताना भाचीने विचारले, "आत्या, महारवाडा म्हणजे आपलीच वस्ती ना? मग गद्दार म्हणजे आपण का?"

तिला काय उत्तर द्यावे ते मला लवकर सुचले नाही. म्हणून आज हा लेख लिहायला घेतला आहे.

साधी म्हण, पण कुणासाठी?

कुणी म्हणेल, ही तर जुनी म्हण आहे, वक्त्याच्या मनात काही नसेल. असेलही तसे. पण म्हणीचा अर्थ तर पाहा. चांगल्यात वाईट असायचेच, एवढेच सांगायचे असते, आणि त्या "वाईटा"च्या जागी आपल्या आजा-पणजाची वस्ती ठेवलेली असते. गावाची मेलेली गुरे ओढणारे, वेस राखणारे, सांगावा घेऊन दहा कोस चालणारे लोक त्या वस्तीत राहत होते. ते गावाचे ओझे होते की गाव त्यांच्या खांद्यावर उभे होते, याचा विचार म्हण करीत नाही. म्हण फक्त हसते.

घरात कुणी असे बोलला तर चार माणसे ऐकतात. माईकवर बोलला तर चार हजार ऐकतात, आणि मोबाईलवर त्याची चित्रफीत फिरली तर मोजदादच नाही. शिवाय प्रचाराचे भाषण करणारा माणूस उद्याची सत्ता मागत असतो. आपल्याबद्दल ज्याच्या तोंडात असा शब्द बसलेला आहे, त्याच्या हाती आपल्या घरकुलाची यादी आणि पोरांची शिष्यवृत्ती जाणार असते. म्हणून हा नुसता शब्दाचा प्रश्न नाही.

बाबासाहेबांनी शब्दासाठी सभागृह सोडले

नावाची लढाई आपल्याला नवी नाही. 1938 च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्याची दुरुस्ती आली. तिच्यात अस्पृश्यांसाठी "हरिजन" हा शब्द घातला होता. आम्हाला काय म्हणायचे ते आम्हाला विचारा, असा स्वतंत्र मजूर पक्षाचा आग्रह होता. तो मानला गेला नाही तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृहाबाहेर पडले. वरवर तो शब्द गोड होता. पण तो दुसऱ्याने दयेपोटी दिलेला होता, आणि त्याने स्थिती तीळभर बदलत नव्हती. पुढे 1982 मध्ये केंद्र सरकारनेच हा शब्द कागदपत्रांत वापरू नये, असे राज्यांना कळविले.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला आणि नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या सोळा वर्षांत किती घरे जळली, किती जीव गेले, ते वाचकांना सांगायला नको. त्या काळात व्यासपीठावरून "पीठ" आणि "विद्यापीठ" यांचे यमक जुळवून आपल्या गरिबीची थट्टा केली गेली. ते यमक आजही आपल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. बाकीची भाषणे लोक विसरले, पण घाव घालणारी ओळ विसरले नाहीत.

वस्तीच्या नावांबाबतही तसेच झाले. 2020 च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. जी नावे सरकारने पाटीवरून उतरवायला सांगितली, तीच माईकवरून उच्चारली जातात. पाटी रंगाने बदलते, जीभ बदलायला मात्र माणसालाच पुढे यावे लागते.

कायदा काय म्हणतो?

आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. निवडणुकीपुरते बोलायचे तर 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 123 पाहावे. धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या नावावर मते मागणे, किंवा त्यावरून लोकांत द्वेष पसरवणे, हा भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मताने सांगितले की यात उमेदवाराचीच नव्हे, मतदाराची जात आणि धर्मही येतो. याच कायद्याच्या कलम 125 प्रमाणे निवडणुकीत समाजासमाजांत वैर पेटवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे कागदावरचेच आहे काय? नाही. 1987 च्या डिसेंबरात मुंबईत विलेपार्ले मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली. डॉ. रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्या प्रचारात शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने 1989 मध्ये निवडणूक रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 रोजी तो निकाल कायम केला. पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. ते प्रकरण धर्माच्या नावावरचे होते, पण त्याने एक गोष्ट सिद्ध केली. भाषणातल्या शब्दाची किंमत मोठ्या माणसालाही मोजावी लागते.

दुसरा कायदा आपल्या सर्वांच्या परिचयाचा, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. 2016 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे, लोकांच्या देखत जातीच्या नावाने शिवी देणे, हीन लेखण्यासाठी मुद्दाम अपमान करणे, शब्दांनी अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध वैरभाव पसरवणे, आणि या समाजांना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अवमान करणे हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नुसता अपमान झाला म्हणून हा कायदा लागत नाही. तो जातीच्या कारणाने झाला, आणि लोकांच्या देखत झाला, हे दाखवावे लागते. म्हणून रागाच्या भरात कच्ची तक्रार करू नये. कच्ची तक्रार आपल्याच पुढच्या माणसाचा रस्ता अडवते.

सगळीकडे हीच गत

हा रोग एका पक्षाचा नाही. 2016 च्या जुलैत उत्तर प्रदेशात भाजपच्या दयाशंकर सिंह यांनी मायावतींबद्दल गलिच्छ शब्द वापरले. पक्षाने त्यांना काढले, आणि 2017 ची निवडणूक जिंकताच परत घेतले. 2024 च्या मे महिन्यात काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी दक्षिणेचे लोक आफ्रिकनांसारखे आणि पूर्वेचे चिन्यांसारखे दिसतात असे सांगून वाद ओढवून घेतला आणि त्यांना पद सोडावे लागले. पक्षांची आठवण फार आखूड असते, वाचकहो. मतदाराने ती लांब ठेवावी.

अमेरिकेतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनिया राज्यात सिनेटर जॉर्ज ॲलन यांची सभा होती. विरोधी पक्षातर्फे एक भारतीय वंशाचा तरुण तिथे चित्रीकरण करत होता. सगळ्या गोऱ्या श्रोत्यांत तो एकटाच सावळा. ॲलन यांनी त्याच्याकडे बोट दाखवून त्याला "मकाका" म्हटले. हा माकडाच्या जातीवरून आलेला, रंगावरून हिणवणारा शब्द. वर "अमेरिकेत स्वागत आहे" असेही म्हणाले. तो तरुण जन्मलाच होता व्हर्जिनियात! पोराने वाद घातला नाही. त्याने कॅमेरा चालू ठेवला. ते दृश्य देशभर गेले आणि ॲलन दहा हजारांहून कमी मतांनी पडले.

वंश आणि जात एक नव्हेत. बाबासाहेबांनी 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे लोक नाहीत. पण जन्मावरून माणसाला हिणवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच. म्हणूनच 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दर्बान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली, तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी तिथे जातीचा प्रश्न मांडला. भारत सरकारने त्याला विरोध केला होता.

आपण काय करावे?

सभेत असा शब्द ऐकला तर गोंधळ घालू नका. गोंधळाची बातमी होते आणि शब्द मागे पडतो. वक्त्याचे नेमके शब्द, तारीख, वेळ, जागा आणि ऐकणाऱ्या दोन-तीन माणसांची नावे लिहून ठेवा. मोबाईलवर चित्रण असेल तर ते न कापता जपा. आचारसंहिता चालू असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवरही चित्रण पाठवता येते. गुन्हा घडला असेल तर पोलीस ठाण्यात जा. निवडणूक रद्द करून मागायची असेल तर निकालापासून 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तो हक्क त्या मतदारसंघातल्या साध्या मतदारालाही आहे.

वाशीम विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव जागेवर तर शब्द अधिक जपून ऐकावे. तिथे "तो अमक्यांचा, हा तमक्यांचा" अशी कुजबुज करून आपल्यातच बौद्ध, मातंग, चर्मकार अशी फाटाफूट पाडली जाते.

आणि आता थोडे कडू बोलते. आपल्या जिभेचे काय? आपल्या सभांत इतरांच्या जातीवरून टोमणे मारले जात नाहीत काय? मानोऱ्याकडच्या बंजारा बांधवांना इंग्रजांनी गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण त्यांच्याविषयीचे हलके शब्द आपल्याही ओट्यावर ऐकू येतात. आंधळा, लंगडा, मुका असे शब्द आपण पुढाऱ्यांना शिवी म्हणून वापरतो. निवडणूक आयोगाने 2023 च्या डिसेंबरात पक्षांना असे शब्द टाळायला सांगितले, कारण त्याने अपंग माणसाचा अपमान होतो. तथागतांनी सम्यक वाचा सांगितली. खोटे, चहाडीचे, कठोर आणि वायफळ बोलणे सोडा, असे तिचे चार भाग आहेत. ती दुसऱ्याने पाळावी आणि आपण मोकळे, असे नाही.

पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीतल्या बाया त्या उमेदवाराच्या कार्यालयात गेलो. आई पुढे होती. हातात लेखी निवेदन होते. तिथला कार्यकर्ता हसून म्हणाला, "मावशी, म्हण आहे ती. मनावर कायले घेता?"

आई म्हणाली, "म्हण तुमची असंन बाप्पा, घर आमचं हाय."

त्याचे हसू थांबले. त्याने निवेदन घेतले, पोच दिली. जाहीर माफी कुणी मागितली नाही, हे खरे सांगते. पण तो वक्ता आमच्या भागात पुन्हा बोलायला आला नाही. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांपैकी दोघे मात्र रात्री घरी आले आणि आईच्या पुढे मान खाली घालून बसले. आईने त्यांना चहा दिला.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याच रात्री दिले. म्हटले, "बाई, त्या वस्तीत राहणारे गद्दार नव्हते. गावाने त्यांच्याशी गद्दारी केली होती. तू हे कुणाला ओरडून सांगू नको. पण कुणी विचारले तर मान वर करून सांग."

तिने विचारले, "माईकवरून सांगितलं तर चालंन का?"

चालेल, म्हटले. पण त्या वेळी दुसऱ्या कुणाचे घर दुखणार नाही, असा शब्द निवड.

जयभीम!