माहूरचा तांबूल आणि पायऱ्यांवरचीं दुकानें

महाबळेश्वर व माथेरान हवेवर जगतात. नांदेड जिल्ह्यांतील माहूर यात्रेवर जगतें. साडेतीन शक्तिपीठांपैकीं एक असें रेणुकामातेचें हें डोंगरावरील स्थान. जवळच दत्तशिखर व अनसूयामातेचें शिखर.

देवीचा प्रसाद येथें तांबूलाचा असतो. नागवेलीचीं पानें, सुपारी, कात, चुना, लवंग, वेलदोडा, बडीशेप हें सर्व एकत्र कुटून तो सिद्ध करतात; दांत पडलेल्या वृद्धासही तो सहज घेतां येतो. आतां या चिमूटभर प्रसादामागें किती हात राबतात तें पाहावें. पानमळ्याचा शेतकरी, पानांचा व्यापारी, किराणा दुकानदार, कुटणारा, विकणारा. पानें आलीं नाहींत तर खलबत्ता थांबतो, खलबत्ता थांबला तर किराणा पडून राहतो. नवरात्र, दत्तजयंती अशा यात्रांखेरीज गिऱ्हाईक बेताचें; तेव्हां एकमेकांस उधारीनें सांभाळून घेतल्याविना कोणाचेंच निभत नाहीं. यात्रेकरूही ओटीचें सामान घेऊन वहाणा अनोळखी दुकानदाराच्या हवालीं करतो, पावती मागत नाहीं.

वर जाण्यास यंत्राची सोय व्हावी असें पुष्कळांस वाटतें. माझे गुडघे त्याच पक्षाचे आहेत! परंतु पायऱ्या टळल्या कीं पायऱ्यांवरचीं दुकानेंही टळतात. यंत्राजवळचे गाळे या जुन्या दुकानदारांस मिळणार, कीं मोठी बोली लावणाऱ्या परक्यास, हें आधींच ठरलें पाहिजे.